नीलाबाईचा नंबर

लिंबाजी सोनकांबळे चौतीस वर्षं गोदावरीवरच्या पिंपळघाट बंधाऱ्याची गेटं उचलत होता, आणि त्या चौतीस वर्षांत हापिसातल्या एकाही माणसानं त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. हुकूम यायचा, 'चार नंबर दोन फूट उचला.' लिंबाजी उचलायचा. 'बंद करा.' बंद करायचा. साहेब लोक आले, गेले; कुणी नांदेडात बंगला बांधून गेला, कुणी बदलीसाठी रडत गेला. पण "लिंबाजी, गेट उचलायच्या आधी तू ती लुना घेऊन कुठं पळतोस रे बाबा?" एवढं साधं विचारायला कुणाची जीभ उचलली नाही.

तो पळायचा शेषेरावच्या टपरीकडं. बंधाऱ्याखाली नदी डावीकडं वळते, त्या वळणापलीकडं काठावर शेषेरावची चहाची टपरी. टपरीमागच्या बाभळीला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला. लिंबाजीच्या आधी सटवाजी नावाचा ऑपरेटर होता, त्यानं टांगलेला. लिंबाजी लुना उभी करायचा आणि लोखंडी पान्यानं त्या तुकड्यावर तीन ठोके हाणायचा. थांबायचा. पुन्हा तीन. खाली पात्रात जे कोणी असेल, धुणं धुणाऱ्या बाया, जाळं टाकणारे भोई, म्हशी वळणारे, सगळे निमूट वर यायचे. सगळे वर आले हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मगच माघारी येऊन गेटला हात घालायचा. बंधाऱ्यावर सायरन होता, नव्हता असं नाही; पण तो वळणापलीकडं ऐकूच जायचा नाही. हे लिंबाजीला ठाऊक होतं, शेषेरावला ठाऊक होतं, म्हशींना ठाऊक होतं. हापिसाला तेवढं ठाऊक नव्हतं.

आणि पात्राच्या मधोमध, वाळूच्या बेटावर, नीलाबाई राहायची.

नीलाबाई भोयाची. नवरा कधीच वारलेला. दिवाळी झाली की ती त्या बेटावर वाळूत खड्डे काढायची, शेणखत भरायची, टरबुजाचे वेल लावायची आणि तिथंच झोपडी घालून जूनच्या तोंडापर्यंत राहायची. पोरगी जगदेवी नांदेडात चार घरची धुणीभांडी करायची. ती म्हणायची, "माय, माझ्याकडं ये, कशाला वाळूत मरतीस?" त्यावर म्हातारीचं ठरलेलं उत्तर, "तुझ्या खोलीत पाय लांबवायला जागा न्हाई. हितं मैदान हाय." वर्षाचं पहिलं टरबूज लिंबाजीच्या क्वार्टरवर यायचं. सरजाबाई, म्हणजे लिंबाजीची बायको, जिवंत होती तोवर दोघी पायरीवर बसून ते फोडायच्या आणि नदीकडं बिया थुंकत बसायच्या. सरजाबाई गेली, तरी टरबूज यायचं थांबलं नाही.

"नीलाबाई, एखादा साधा फोन तरी घे गं," लिंबाजी एकदा म्हणाला होता.

"मला कोण फोन लावून राहिलंय, दादा? ठोके द्यायला तुम्ही हाव की."

त्या बेटाची एक वाईट खोड होती. पाणी सुटलं की काठाकडची धार आधी भरायची. बेटावरच्या माणसाला समोरची नदी कोरडीठाक दिसते, तो आपला निवांत असतो, आणि पाठीमागं वर यायची वाट कधीच गेलेली असते. सटवाजीनं लिंबाजीला नोकरीच्या पहिल्याच दिवशी बेटावर उभं करून हे दाखवलं होतं. "एवढं ध्यानात ठेव," म्हणाला होता, "बाकी सारं इसरलास तरी चालंल." लिंबाजीचं ट्रेनिंग म्हणाल तर तेवढंच.

मग लिंबाजीच्या रिटायरमेंटच्या वर्षी नांदेडच्या हापिसात एकदम सगळ्यांना जाग आली. जुने ऑपरेटर एकेक करून निघाले होते, नवी भरती बंद होती, आणि कोणत्या बंधाऱ्याचं काय दुखतं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. तेव्हा ठरलं की प्रत्येकाच्या डोक्यातलं सगळं काढून पोर्टलवर भरायचं. तहसीलला, पोलिसांना, पाणीपुरवठ्याला, सगळ्यांना ते एकाच जागी दिसेल. गेटांना मोटारी बसतील. नांदेडात बसून बटण दाबलं की गेट उचलेल आणि त्याच बटणानं नदीकाठच्या सगळ्यांना फोनवर सूचना जाईल. बैठकीच्या खोलीत हा मोठा फलक लावला होता, 'माणूस जाईल, ज्ञान राहील'. फलकाखाली बसवलेल्या लिंबाजीला त्यातले पहिले दोन शब्द काही बरे वाटले नाहीत.

माहिती भरून घ्यायला मृण्मयी नावाची कनिष्ठ अभियंता आली. नांदेडचीच, मास्तरांची पोरगी, नोकरीला दीड वर्ष झालेलं. लिंबाजीला वाटलं, ही दोन तास बसेल, सही घेईल आणि जाईल. पण ती अकरा दिवस आली! पात्रात उतरली, चप्पल हातात घेऊन बेटापर्यंत गेली, रुळाच्या तुकड्यावर स्वतः तीन ठोके मारून बघितले आणि पोरीसारखी हसली. दोन नंबरचं गेट थंडीत अडकतं, मग ते आधी खाली दाबून मग उचलायचं. पाच नंबरच्या खाली कासवं बसतात. पाणी बंधाऱ्यावरून टपरीपर्यंत यायला पाऊण तास लागतो. लिंबाजी सांगत होता आणि ती लॅपटॉपवर बडवत होती. चौतीस वर्षांचं साठलेलं, असं बोलायला मिळाल्यावर माणूस थांबतो का! त्या अकरा दिवसांत लिंबाजी दहा वर्षांनी लहान झाला होता.

"काका, हे सगळं तुम्ही कुठं लिहून नाही ठेवलं?"

"कुणासाठी लिहू, मॅडम?"

शेवटच्या दिवशी ज्यांना खबर द्यायची त्यांची यादी झाली. मोटारपंपवाले, वाळूवाले, भोई, घाटावरचे पुजारी, चाळीस नावं आणि चाळीस नंबर. एकेचाळिसावं नाव नीलाबाईचं.

"नंबर?"

"तिच्याकडं फोन न्हाई."

"नंबराशिवाय हे पुढंच जात नाही हो, काका. हे बघा, लाल खूण येते." मृण्मयीनं जरा विचार केला. "टपरीवाल्या शेषेरावांचा टाकू का? ते तिथंच असतात ना?"

शेषेरावचा नंबर टाकला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण लिंबाजीला ते झोंबलं. "त्याचा कशाला? नीलाबाईला चौतीस वर्षं मी सांगून राहिलोय. माझा टाका."

आता आपल्याकडं यात कुणाला काही नवल वाटत नाही. राशन कार्डावर शेजाऱ्याचा नंबर असतो, गॅसला भाच्याचा, बँकेत शाळेच्या शिपायाचा. ज्याच्याकडं फोन नाही त्याच्या नावापुढंही नंबर हा लागतोच, मग कुणाचा तरी टाकायचा आणि पुढं जायचं. मृण्मयीनं लिंबाजीचा टाकला. लाल खूण गेली, हिरवी आली. रुळाच्या तुकड्याचं काय करायचं ते मात्र तिला कळेना, कारण फॉर्मात तसा रकानाच नव्हता. पोरगी प्रामाणिक, तिनं सगळ्यात खाली 'टिपणी' अशी चौकट होती तिथं बेट, पाठीमागची धार, तीन ठोके, सगळं सविस्तर लिहिलं. ती चौकट एक बारकासा त्रिकोण दाबल्याशिवाय उघडत नव्हती.

ऑगस्टअखेर गेटांना मोटारी बसल्या आणि लिंबाजीचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, बुद्धाची मूर्ती, पेढे. नीलाबाई पावसाळ्याची वर गावातच होती, ती पण येऊन दारात बसली होती. निघताना मृण्मयी म्हणाली, "काका, तुम्ही तर आता क्वार्टर सोडून लातूरला चाललात. तो नंबर बदलायला हवा. शेषेरावांचा टाकते."

"राहू द्या की मॅडम. मला मेसेज आला की मी तिकडून शेषेरावला फोन लावतो, त्यो ठोके देईल. एकच तर गोष्ट."

इथं लिंबाजीचं चुकलं, आणि हे त्याच्या तोंडावर सांगायला हवं. बायको गेलेली, नोकरी संपलेली, चौतीस वर्षांचं घर तीन गोण्यांत बसलेलं. लातूरला मुलाकडं त्याला काही कमी नव्हतं. पण तिथं त्याच्यावाचून काही अडणारही नव्हतं. यादीतल्या त्या नंबरामुळं तो अजून बंधाऱ्यावर आहे असं त्याला वाटत होतं. ते त्याच्यानं सोडवलं नाही. मृण्मयीला घाई होती, तिला आणखी तीन बंधारे भरायचे होते. ती बरं म्हणाली.

लातूरला मुलगा अश्वजित शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवायचा, पहाटे जायचा तो दिवेलागणीला परतायचा. सून ज्योत्स्ना जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. पोरगी मनानं चांगली, सासऱ्याच्या ताटाकडं लक्ष असायचं. लिंबाजी खिडकीत बसून समोरच्या रस्त्यावरून जाणारे पाण्याचे टँकर बघायचा. फोन सदऱ्याच्या खिशात.

नोव्हेंबरात एकदा तो फोन वाजला. 'नीलाबाई यांना सूचना. पिंपळघाट बंधाऱ्यातून १२ वाजता पाणी सोडण्यात येईल. नदीपात्रातून त्वरित बाहेर यावे.' लिंबाजीनं तो दोनदा वाचला. त्यानं शेषेरावला फोन लावला.

"आरं, ठोके दे! बाराला सोडून राहिलेत. अन् फोन तसाच चालू धर, मला ऐकू दे."

तीन ठोके. पुन्हा तीन. लातूरच्या त्या खोलीत ते ठोके ऐकताना म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. थोड्या वेळानं शेषेराव म्हणाला, "आली वर. तुम्हाला जय भीम सांगून राहिली." त्या दिवशी लिंबाजीनं भाकरी जास्तीची मागून घेतली. "बाबा, आज स्वारी खुशीत दिसतेय," ज्योत्स्ना म्हणाली, तर हा म्हणतो, "काही न्हाई." सांगितलं नाही त्यानं. अश्वजित हसेल, म्हणेल रिटायर झाले तरी ड्युटी सुटेना. म्हणून घरात कुणाला त्या मेसेजचं काही ठाऊकच नव्हतं. फेब्रुवारीत पुन्हा तसंच झालं आणि तेही नीट पार पडलं.

मे महिन्यात लिंबाजीच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस फोनकडं, टीव्हीकडं बघायचं नाही. लिंबाजीनं फोन ज्योत्स्नाच्या हातात दिला. देताना त्याच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण मे महिन्यात नदीला असतंच काय, कोण कशाला पाणी सोडतंय, आणि दोन दिवसांचा तर प्रश्न. "कुणाचा फोन आला तर सांग गं," एवढंच तो बोलला.

"हो बाबा, तुम्ही पडा निवांत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्योत्स्ना त्याच्या डोळ्यात थेंब घालत होती. घालता घालता म्हणाली, "फोन कुणाचा नाही आला. नुसते जाहिरातींचे मेसेज. आणि सकाळी कुणा नीलाबाईच्या नावाचा एक आला होता. चुकीचा नंबर लागला असेल म्हणून मी काढून टाकला."

लिंबाजी ताडकन उठून बसला. थेंब गालावरून ओघळला.

"कवा? कवा आलता?"

"अकरा वाजून दहा मिनिटांनी वगैरे. का हो, काय झालं?"

"अगं माय!" लिंबाजी ओरडला. "अगं माय, माय!"

शेषेराव फोन उचलत नव्हता. पाचव्या वेळेला उचलला. बोलला ते तुकड्या-तुकड्यानं. खालच्या गावांना प्यायला पाणी हवं म्हणून सकाळीच हुकूम सुटला होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही. तो टपरीत भांडी घासत होता, तर काठाकडच्या धारेत पाणी दिसलं. धावत गेला, रुळावर ठोके घातले. नीलाबाई उन्हाची झोपडीत निजली होती. बाहेर आली. पाठीमागं वाट गेलेली.

"माझ्याकडं बघून हात करून राहिली होती, लिंबाजी," शेषेराव म्हणाला. "मला दुसरं काय सुचंना. मी नुसते ठोके देत राहिलो. ती जाईपर्यंत देत राहिलो."

तिसऱ्या दिवशी दोन कोस खाली बाभळीच्या झुडपात ती सापडली.

मग चौकशी लागली. पोर्टलवरचा अहवाल अगदी चोख होता. सूचना एकेचाळीस, पोहोचल्या एकेचाळीस. नीलाबाई यांच्या नंबरावर अकरा वाजून दहा मिनिटांनी पोहोचली आणि उघडूनही पाहिली गेली. पेपरात चार ओळी आल्या, की सूचना मिळूनही महिला पात्रातच थांबली. म्हणजे मरून वर पुन्हा दोष तिचाच! सरकारी मदत मागायला गेलेल्या जगदेवीला खिडकीवरून हेच ऐकवलं. ती सांगून दमली की माझ्या मायजवळ फोनच नव्हता. खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, नंबर हाय हितं. मेसेज वाचलेला दिसतोय."

एके दिवशी दुपारी मृण्मयीचा लिंबाजीला फोन आला. ती रडत होती. "काका, मी त्यांना टिपणी उघडून दाखवली. ते म्हणाले, टिपणी अहवालात धरत नाहीत. नंबर कुणाचा ते मला कुणी विचारतच नाही, आणि आपण होऊन सांगायचा मला धीर होत नाही. माझी नोकरी नवी आहे हो." लिंबाजी तिच्यावर रागावला नाही. रागवायला त्याला तोंडच नव्हतं. त्यानं फक्त चौकशी कधी आहे ते विचारून घेतलं.

रात्री जेवताना अश्वजितनं वडिलांना स्पष्ट सांगितलं, "बाबा, तुमचे पेन्शनचे कागद अजून त्यांच्याच टेबलावर आहेत. तुम्ही कशाला मध्ये पडता? तुम्हाला कुणी काही विचारलंय का?"

"न्हाई," लिंबाजी म्हणाला. "मला कुणीच कधी काही विचारलं न्हाई."

ज्योत्स्ना भाकरी वाढता वाढता आत निघून गेली. त्या दिवसापासून ती सासऱ्याच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. लिंबाजी तिला रोज म्हणायचा, "तुझं काही चुकलं न्हाई, पोरी." ते खरंच होतं, पण तिला ते पटत नव्हतं.

सकाळच्या एसटीनं तो नांदेडला गेला. डोळ्यावर हिरवी झापड, अंगावर निरोपाच्या दिवशीचा सदरा. बैठकीच्या खोलीत तोच फलक होता. चौकशीचे साहेब बाहेरगावचे, लिंबाजीला न ओळखणारे. एका बाजूला मृण्मयी मान खाली घालून बसली होती, दुसऱ्या बाजूला कारकून टाइप करत होता, आणि दाराजवळ खुर्ची असूनही जगदेवी जमिनीवर बसली होती. तिनं लिंबाजीला बघितलं आणि पदर सावरला. "मामा, तुम्ही आला व्हय," म्हणाली. माय दादा म्हणायची, म्हणून ही मामा म्हणायची. तिला वाटलं, हा आपल्या बाजूनं बोलायला आलाय.

साहेब शेवटचं वाचत होते, "एकंदरीत यंत्रणेनं सूचना वेळेत दिली असून..."

"साहेब," लिंबाजी उभा राहिला. "नीलाबाईच्या नंबराला एकडाव फोन लावा."

"तुम्ही कोण?"

"मी हितला जुना ऑपरेटर. लावा तर."

"अहो काका, बाई वारल्यात."

"मला ठावं हाय ती वारली. तरी लावा."

साहेबांनी कारकुनाकडं बघितलं. कारकुनानं पडद्यावरचा नंबर बघून टेबलावरचा फोन फिरवला. आणि लिंबाजीच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजायला लागला.

त्यानं तो बंद केला नाही. बाहेर काढला आणि टेबलावर साहेबांच्या पुढं ठेवला. तो वाजत राहिला, कारकुनाच्या हातून रिसीव्हर खाली ठेवला जाईना. मृण्मयीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"हा नंबर तुमचा?" साहेब म्हणाले. "मग नीलाबाईंना सांगायचं कोणी होतं?"

"म्या."

जगदेवी उठून उभी राहिली होती. ती ओरडली नाही, रडलीही नाही. फक्त जवळ येऊन विचारलं, "मामा, मग तवा तुम्ही कुठं हुता?"

चौतीस वर्षांत त्याला विचारण्यासारखा एवढा एकच प्रश्न होता, आणि तो आता विचारला गेला.

"लातूरला," लिंबाजी म्हणाला.

मग त्यानं कारकुनाकडं वळून तेच पुन्हा एकदा सांगितलं, कारण त्याचं टाइप करणं थांबलं होतं.